नवी बॅटरी घेण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळी झाली, सकाळच्या हवेत गारवा आलाय. आता काही दिवसांतच नागपूरच्या गल्लोगल्ली एक आवाज ऐकू यायला लागेल. चावी फिरवली की नुसतं टक्, टक्, टक्. इंजिन काही फिरत नाही. मग शेजाऱ्याला हाक, मग दुकानदाराला फोन, आणि दुकानदाराचं ठरलेलं उत्तर: "बॅटरी गेली साहेब. या वेळी जरा भारीतली टाकून घ्या."

ही भारीतली बॅटरी म्हणजे नेमकी कोणती, आणि ती घ्यावी की नाही, एवढंच आज बोलायचं आहे.

पहिली गोष्ट. आपल्याला वाटतं, थंडीनं बॅटरी मारली. तसं नाही. आपल्याकडे बॅटरी मरते मे महिन्यात, नवतप्यात, आणि ते कळतं डिसेंबरात. पुन्हा सांगते, मरते उन्हाळ्यात, कळतं हिवाळ्यात. बाहेर ४५ अंश असतं तेव्हा बोनेटच्या आत त्याहून कितीतरी जास्त असतं. त्या उष्णतेनं बॅटरीतलं पाणी उडतं, शिशाच्या जाळ्या आतून गंजत जातात. तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं, असा आमच्या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. पण उन्हाळ्यात इंजिनातलं ऑइल पातळ असतं, इंजिन सहज फिरतं, म्हणून थकलेली बॅटरीही निभावून नेते. डिसेंबरात ऑइल घट्ट होतं, बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, आणि आतापर्यंत झाकलेला कमकुवतपणा एका सकाळी उघडा पडतो.

म्हणून गाडी सावलीत लावा हो. आणि सावलीसाठी झाडं लागतात. रस्ते सिमेंटचे झाले, चांगलं झालं, खड्डे गेले. पण ते करताना कडुनिंबाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलं, ते मला अजिबात पटलेलं नाही. रात्री दहा वाजता त्या रस्त्यावर उभं राहून बघा, पायांना धग लागते. सिग्नलवर उन्हाळ्यात हिरव्या जाळ्या बांधाव्या लागतात, त्या ठिकाणी एखादा जुना निंब असता तर? असो. बॅटरीकडे येऊ.

माझ्या बाबांचं गणेशपेठेत ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. आता ते मी सांभाळते. पण जी गोष्ट सांगणार आहे ती बाबा दुकानात उभे असायचे तेव्हाची, आणि भारीतल्या बॅटरीबद्दल कोणी विचारलं की मी हीच सांगते.

मानेवाड्याकडे राहणारे एक निवृत्त गुरुजी होते. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेलं. काटोलजवळ त्यांची संत्र्याची बाग. गाडी डिकीवाली, पेट्रोलची, आणि ती निघायची फक्त रविवारी, बागेत जाण्यासाठी. आठवडाभर घरासमोर उभी. तर या गुरुजींच्या गाडीची बॅटरी बसली. रविवारी सकाळी चावी लावली, काही नाही. त्यांनी एका दुकानातून नवी घेतली. महिन्याभरात तीही बसली. गॅरंटी होती म्हणून घेऊन गेले. दुकानदारानं चार्ज करून परत दिली, म्हणाला, "बॅटरीत दोष नाही, नुसती उतरली होती." पुढच्या रविवारी पुन्हा तेच. गुरुजींची खात्री पटली की आपल्याला फसवलं. मग दुसऱ्या दुकानातून, दुसऱ्या कंपनीची, पहिलीपेक्षा महाग घेतली. काही आठवड्यांत तिचीही तीच गत.

तेव्हा कोणीतरी त्यांना आमच्याकडे पाठवलं. आले ते पाकिटात पैसे मोजून घेऊनच आले. पाकीट काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, "भाऊ, तुमच्याकडं सगळ्यात महाग कोणती आहे? ती द्या. आता स्वस्ताच्या भानगडीत पडायचंच नाही."

बाबांनी पाकीट त्यांच्याकडे सरकवलं. "गुरुजी, पैसे ठेवा खिशात. पह्यले गाडी दाखवा."

गाडी टोचन लावून आणली. बाबांनी मीटर, म्हणजे मल्टिमीटर, लावलं. ११.४ व्होल्ट. म्हणजे पार उतरलेली. बॅटरी काढून रात्रभर सावकाश चार्जिंगला लावली, मग वायर न जोडता दुसऱ्या दिवशीपर्यंत तशीच ठेवली. मी मीटर धरून उभी होते, आकडा वाचायचं काम माझं. १२.६. चोवीस तास नुसती ठेवूनही १२.६. लोड टेस्ट केली, म्हणजे बॅटरीवर जोर टाकून ती किती टिकते ते बघितलं, तीही पास. मग ती गाडीत बसवून इंजिन चालू केलं, १४.२. म्हणजे अल्टरनेटर, इंजिनावर फिरून बॅटरी भरणारं यंत्र, चार्जिंग बरोबर देत होता. बॅटरीही चांगली, चार्जिंगही चांगलं. गुरुजी बाजूला स्टुलावर बसून हे सगळं वहीत लिहून घेत होते.

बाबा म्हणाले, "बॅटरी ठणठणीत हाय गुरुजी. कोणीतरी रात्रंदिवस पिऊन राह्यलं तिले."

मग गाडी बंद केली, दारं लावली, चावी काढली. बॅटरीची मायनसची वायर सोडवली आणि बॅटरी न् वायर यांच्या मध्ये मीटर जोडलं. याला मालिकेत जोडणं म्हणतात, आणि हे मीटर अँपिअरवर ठेवून करायचं. बंद गाडी थोडा करंट घेतेच, घड्याळाला, अलार्मला. पण तो ५० मिलीअँपिअरच्या आत असावा. गाडी झोपी जायला, म्हणजे आतली उपकरणं शांत व्हायला, थोडा वेळ दिला, तरी मीटर दाखवत होतं ०.४३ अँपिअर. जवळजवळ नऊपट.

आता शोध. फ्यूजची पेटी उघडली आणि एकेक फ्यूज काढायचा, मीटर बघायचं, परत लावायचा. हॉर्नचा काढला, आकडा तसाच. रेडिओचा काढला, तसाच. आतल्या दिव्यांचा फ्यूज काढला आणि आकडा एकदम ०.०२ वर आला. पण गाडीच्या आत तर एकही दिवा जळत नव्हता. आमच्याकडं काम करणारा पोरगा चारही काचांना नाक लावून बघून आला. अंधारच होता.

बाबा जरा वेळ नुसते उभे राहिले. मग फ्यूज परत बसवला आणि म्हणाले, "डिकीले कोणी हात लावायचा नाही. चहा सांगा."

चहा आला, प्यायला, गप्पा झाल्या. गुरुजी अस्वस्थ, त्यांना कळेना हे काय चाललंय. मग बाबा उठले, डिकी उघडली, आत कोपऱ्यात जो बोटाएवढा दिवा असतो त्याला बोट लावलं, आणि म्हणाले, "या गुरुजी, तुमी लावा."

गुरुजींनी बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं. दिवा चांगलाच तापलेला होता. नुकती उघडलेली डिकी, दिवा एवढ्यात तापेल कसा? तो बंद झालेलाच नव्हता. बंद डिकीच्या आत, कोणाला दिसणार नाही अशा जागी, तो दिवसरात्र जळत होता.

डिकीच्या काठाला एक छोटं बटण असतं. झाकण बसलं की ते दाबलं जातं आणि दिवा विझतो. त्या बटणाचं टोक तुटलं होतं. गुरुजींना लगेच आठवलं. मागच्या मृग बहारात डिकीत संत्र्याच्या पेट्या भरल्या होत्या, एक पेटी काठावर आली होती, आणि झाकण जोर लावून बसवलं होतं. त्यानंतरच हे सुरू झालं.

आणि मग गुरुजींनी जे केलं ते मला आजही डोळ्यांसमोर दिसतं. बाबांच्या बिलबुकाच्या मागच्या पानावर त्यांनी हिशेब मांडला. दिवा ५ वॅटचा, बॅटरी १२ व्होल्टची. पाच भागिले बारा, गुणिले चोवीस तास. एका दिवसात १० अँपिअर-अवर. बॅटरीतला साठा याच मापात मोजतात. बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. साडेतीन दिवस. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "मी रविवारी संध्याकाळी गाडी लावतो. गुरुवारी सकाळी बॅटरी रिकामी. आणि मी चावी लावतो रविवारी. भाऊ, तुम्ही ७० ची बॅटरी दिली असती तरीही रविवारी सकाळी ती जवळजवळ रिकामीच मिळाली असती."

७० म्हणजे फक्त सात दिवस. गणिताच्या मास्तरांनी माझ्यासमोर ते करून दाखवलं.

त्या दिवशी गुरुजींनी बॅटरी घेतली नाही. एक बटण घेतलं. वारंवार पूर्ण उतरल्यामुळे बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट धरतं, आयुष्य थोडं कमी होतं, तेही बाबांनी त्यांना सांगून ठेवलं. तरी तीच बॅटरी पुढचे दोन उन्हाळे चालली.

म्हणून, श्रोतेहो, आधी कारण, मग बॅटरी. पुन्हा सांगते, आधी कारण, मग बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी मोजायची. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. इंजिन चालू असताना १४ च्या आसपास. हे मोजायला पाच मिनिटं लागतात, मीटर कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतं. आणि हे मुलींनाही शिकवा. आमच्या दुकानात आजही लोक येतात आणि मलाच विचारतात, "भाऊ कुठं आहेत?" गाडी चालवायला शिकवणाऱ्या क्लासमध्ये क्लच शिकवतात, रिव्हर्स शिकवतात, पण बोनेट कसं उघडायचं हे शिकवत नाहीत. समृद्धी महामार्गावर रात्री एकटीनं गाडी चालवणाऱ्या मुलीला ते आलंच पाहिजे. पहिल्याच दिवशी शिकवलं पाहिजे.

बरं, कारण सापडलं, बॅटरी खरंच थकली आहे, घ्यायचीच आहे. मग भारीतली म्हणजे काय बघायचं?

सगळ्यात आधी तारीख. बनवल्याची तारीख. बॅटरीवर ती कोड करून छापलेली असते, दुकानदाराला वाचून दाखवायला सांगा. तीन महिन्यांच्या आतली घ्या. पत्र्याच्या गोदामात एक उन्हाळा काढलेली महागडी बॅटरी घेण्यापेक्षा मागच्या महिन्यातली साधी बॅटरी बरी. बसवण्याआधी व्होल्टेज मोजून घ्या, साडेबाराच्या वर हवं. दुकानदाराला राग आला तर येऊ द्या.

मग माप. जुन्या बॅटरीवर कोड असतो, समजा ३८बी२०एल. त्यातला २० म्हणजे साधारण २० सेंटीमीटर लांबी, आणि शेवटचा एल किंवा आर म्हणजे प्लस-मायनस कोणत्या बाजूला. तो चुकला तर वायर पोचत नाही, ताणून बसवतात, आणि मग त्रास. कंपनीनं ठरवलेलं माप घ्या. थोडी मोठी घेतली म्हणजे जास्त टिकते, असं नाही.

सिग्नलवर आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होणारी गाडी असेल तर तिला ईएफबी किंवा एजीएम प्रकारची, म्हणजे वारंवार चालू-बंद होणं सोसणारी, बॅटरी लागते. एजीएमच्या जागी साधी टाकली तर ती लवकर जाते. इथं मात्र महागाची घ्यावीच लागते, पर्याय नाही.

आणखी एक. विकणारे सीसीए नावाचा आकडा सांगतात, म्हणजे कडक थंडीत इंजिन फिरवायला बॅटरी किती करंट देऊ शकते तो, जितका मोठा तितकी भारी. तो आकडा उणे १८ अंशाला मोजलेला असतो. नागपुरात उणे १८? आपल्याला मूळ बॅटरीइतका असला की पुरे. त्या पैशात गॅरंटी जास्त महिन्यांची घ्या. आणि गॅरंटी ऐकताना दोन आकडे वेगळे विचारा. ४८ महिने म्हणजे बहुतेक वेळा २४ महिने फुकट बदलून, आणि पुढचे २४ महिने फक्त नव्या बॅटरीच्या किमतीत सूट. टॅक्सीला गाडी लावत असाल तर मुदत कमी असते, तेही आधीच विचारा. कार्डावर बॅटरीचा नंबर, गाडीचा नंबर, तारीख आणि शिक्का. पक्कं बिल. कच्च्या चिठ्ठीवर शंभर-दोनशे वाचवून पुढं कोणाचंच भलं झालेलं मी पाहिलं नाही.

बसवताना मायनस आधी काढायची आणि शेवटी लावायची. आणि खालची पट्टी घट्ट आवळून घ्या. स्पीडब्रेकरवर बॅटरी हलली की आतल्या प्लेटा सुटतात. पट्टी हरवली म्हणून दोरीनं बांधलेल्या बॅटऱ्या मी रोज बघते.

राहिली जुनी बॅटरी. ती भंगारवाल्याला देऊ नका. तो ती फोडतो, ॲसिड नालीत जातं, शिसं मातीत उतरतं, आणि त्या मातीत त्याचीच लेकरं खेळतात. २००१ पासून यासाठी नियम आहेत, २०२२ मध्ये ते नव्यानं आले. जुनी बॅटरी नवी घेतली त्याच दुकानात द्या, तिची किंमत बिलातून वजा होते. वजा केलेली रक्कम बिलावर वेगळी लिहून घ्या.

नमस्कार.