डॉक्टर आणि पेशंटच्या मधली माणसं

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात दहावी ते बारावीचे विद्यार्थी आणि पालकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

पोरांनो, सर म्हणाले, मॅडम, मुलांना जरा मोटिव्हेशन द्या. ते काही मला जमत नाही. मी लॅबवाली बाई. नळीत दिसेल तेवढंच रिपोर्टवर लिहायचं, एवढीच मला सवय. म्हणून सोबत नळीच आणली आहे.

हिच्यात सोल्युबिलिटी टेस्टचं, म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या पहिल्या चाचणीचं, द्रावण आहे. बोटातून काढलेलं थोडंसं रक्त यात टाकायचं, हलवायचं, पाचेक मिनिटं थांबायचं आणि नळीच्या मागं काळ्या रेघांचा हा कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर बरं. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर रक्तात सिकलसेलचं हिमोग्लोबिन असण्याची दाट शक्यता. पण माणूस नुसता वाहक आहे, म्हणजे आईबापांपैकी एकाकडूनच दोष आलेला, की आजारी, म्हणजे दोघांकडून आलेला, ते या नळीत कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी करावी लागते. वाहकाला सहसा काही त्रास होत नाही. पण नवराबायको दोघंही वाहक असले, तर मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. आणि ती दर बाळंतपणाला चारात एक, बरं का! ‘पहिलं आजारी निघालं, आता पुढचे तीन चांगले’ हा हिशेब मी लॅबच्या खिडकीतून कितीदा ऐकला आहे. तो चूक आहे.

आता मला सांगा, या कामात किती माणसं लागली? शाळेत येऊन रक्त घेणारी सिस्टर, तपासणारा टेक्निशियन, लग्नाआधी दोन्ही घरच्यांना बसवून समजावणारा समुपदेशक, या आजारावरच्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या संपायच्या आत मागवून ठेवणारा फार्मासिस्ट, आजारानं खुबा दुखावलेल्या पोराला पुन्हा चालतं करणारी फिजिओथेरपिस्ट. डॉक्टर तर आहेतच. १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार हटवायचा, असं त्याचं उद्दिष्ट. ह्या सात कोटी नळ्या काही डॉक्टर हलवणार नाहीत.

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, आपला यवतमाळ, सगळ्या पट्ट्यात हा आजार आहे. आदिवासी आणि अनुसूचित जातींत जास्त. आणि मला सलणारी गोष्ट ही, की ज्या वस्त्यांमधून हे रक्त येतं, त्या वस्त्यांमधली मुलं मायक्रोस्कोपच्या या बाजूला फार थोडी दिसतात. पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची, म्हातारी येते, तिला ‘कुठं दुखतं’ एवढंच तिच्या बोलीत विचारणारं कोणी नसतं. मग ती मान हलवते आणि आपण लिहितो, ‘तक्रार नाही’. तिथं कोलामी बोलणारी एखादी पोरगी उभी असती, तर त्या केसपेपरवर दुसरंच काही लिहिलं गेलं असतं.

गावातल्या माणसाला हे काम झेपतं का, याचं उत्तर आपल्या विदर्भातल्याच एका जिल्ह्यानं कधीच दिलं आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. कमी शिकलेल्या बाया. बाळाचं वजन घेणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं, सगळं त्या शिकल्या. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली हा अभ्यास ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आला, आणि आज तुमच्या गावची आशाताई बाळंतिणीच्या घरी बेचाळीस दिवसांपर्यंत ज्या फेऱ्या मारते, त्यांचं मूळ तिथं आहे.

आता मागं बसलेल्या मायबापांसाठी. पोरगं हुशार निघालं की आपल्याकडं एकच रस्ता ठरतो: अकोल्याला नाहीतर नागपूरला क्लास, नीट, एमबीबीएस. त्यापायी एकर-दोन एकर विकल्याचं मी पाहिलं आहे. नीट जरूर द्या. ७२० पैकी ३६० मार्क जीवशास्त्राचे असतात आणि पेपर मराठीतही मिळतो. पण नंबर लागला नाही की घरात सुतक पाळतात, ते बंद करा. एक वर्ष पुन्हा दिलं, ठीक. दुसरं, तिसरं, चौथं? तेवढ्यात बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षं होतात. त्याच सिस्टर पुढं कम्युनिटी हेल्थ ऑफिसर म्हणून उपकेंद्र सांभाळतात. तीनेक हजार ते पाच हजार लोकांना जवळचा दवाखाना म्हणजे तेच.

दहावीच्या मुलांनो, अकरावीला एवढं लक्षात ठेवा: गणित सुटलं तरी चालेल, बायोलॉजी सोडू नका. बी.एस्सी. नर्सिंग, फिजिओथेरपी, लॅब, डायलिसिस, रेडिओलॉजी, ऑप्टोमेट्री, सगळ्यांची दारं फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीतून उघडतात. आर्ट्सला गेलेल्या मुलींनीही खट्टू होऊ नये. नर्सिंगचेच दोन डिप्लोमा आहेत, एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, आणि दोन्हींना कला शाखेची बारावी चालते. शुल्काची भीती असेल तर, २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क सरकार भरतं. एससी-एसटीच्या मुलामुलींसाठी शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप, म्हणजे फीमाफी, आधीपासून आहे. अडचण येते ती खोलीभाड्याची आणि मेसची. वसतिगृहात नंबर नाही लागला, तर अनुसूचित जातींसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयम् या राहण्याजेवणाचे पैसे देणाऱ्या योजना आहेत. पैसे उशिरा जमा होतात, हेही सांगून ठेवते. पहिल्या काही महिन्यांची सोय घरून करावी लागेल.

आणि एक सावधगिरी. तालुक्याच्या ठिकाणी बस स्टँडवर बोर्ड दिसतात, ‘सहा महिन्यांत नर्स व्हा, शंभर टक्के नोकरी’. तिथं फी भरण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: हा कोर्स करून कोणत्या कौन्सिलकडं माझी नोंदणी होईल? नर्सिंगची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, लॅबची पॅरावैद्यक परिषद. उत्तर देताना समोरचा चहा मागवायला लागला, तर आपली पिशवी उचला. तो कागद भिंतीला लावण्यापुरताच.

सगळ्यात जास्त पोरं मात्र मार्कांवर अडत नाहीत, कागदांवर अडतात. गुणवत्ता यादीत नाव असतं आणि जात वैधता (व्हॅलिडिटी), म्हणजे जातीचा दाखला तपासून समितीनं दिलेलं प्रमाणपत्र, नसते. बापाचा शाळा सोडल्याचा दाखला हरवलेला, आजोबा शाळेतच गेले नाहीत, तांड्यावरच्या घराला धड सातबारा नाही. समितीला मात्र जुना पुरावा हवा. अनुसूचित जातींना १९५० आधीचा, विमुक्त-भटक्यांना १९६१, ओबीसींना १९६७ आधीचा. तो शोधायला महिने लागतात. कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीची, नक्कल तहसीलमधून काढावी लागते, आत्याच्या नाहीतर काकाच्या शाळेतलं जुनं रजिस्टर चाळावं लागतं. हे काम बारावीच्या निकालानंतर होत नाही. अर्ज अकरावी-बारावी सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत जातो. तेव्हा उद्या घरी गेल्यावर आजीला विचारा, बापाच्या भावकीतलं शाळेत पहिलं कोण गेलं होतं आणि कोणत्या गावच्या. ते नाव वहीत लिहून सोमवारी ऑफिसात जा, बाबूला व्हॅलिडिटीचा फॉर्म मागा. ‘अजून वेळ आहे’ म्हणाले, तर तिथंच उभे राहा.