अलंकाराच्या नावापुढची कविता : ‘औदुंबर’च्या निमित्ताने

विद्यार्थी मित्रहो आणि शिक्षक बंधुभगिनींनो,

कवितेच्या रसग्रहणात अलंकार ओळखला की उत्तर पूर्ण झाले, अशी समजूत आपल्या वर्गांत रुजली आहे आणि ती मला फार खटकते. अलंकाराचे नाव आलेच पाहिजे, पण खरे वाचन त्या नावानंतर सुरू होते. हे कसे घडते, ते आज बालकवींच्या ‘औदुंबर’ या एकाच कवितेच्या आधारे पाहू. कविता अवघ्या आठ ओळींची आहे, आणि तिच्या अर्थाविषयी मराठी समीक्षेत आजवर पुष्कळ वाद झडले आहेत.

‘पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर’ या शेवटच्या ओळीत झाड माणसासारखे बसले आहे, म्हणून ती चेतनगुणोक्ती, हे आपण सारेच सांगतो. आता थोडे मागे जाऊ. कवितेत चार घरांचे चिमुकले गाव आहे, शेतमळे आहेत, पायवाट आहे; म्हणजे माणसाच्या वावराच्या सगळ्या खुणा आहेत, पण माणूस एकही नाही. गर्दी आहे, ती शेतमळ्यांची हिरवी गर्दी. चालणे आहे, पण चालते ती पायवाटच. ‘हिरव्या कुरणांमधुन चालली काळ्या डोहाकडे’. आणि अखेर पाण्यात पाय सोडून बसणे आहे, तेही झाडाचे. गर्दी करणे, चालणे आणि बसणे ही माणसाची तीन कामे कवीने निसर्गाकडे सोपवली आहेत. शेवटची चेतनगुणोक्ती अशी आधीपासून तयार होत आलेली असते. हे दिसले की ‘निसर्गसौंदर्य’ ही मध्यवर्ती कल्पना अपुरी वाटू लागते, कारण माणसाला पूर्ण वगळून त्याच्या हालचाली मात्र राखणारे हे दृश्य नुसते सुंदर नाही, ते विलक्षण एकाकी आहे.

आता जुन्या शिक्षकांचे एक साधन वापरू : अन्वय, म्हणजे कवितेतले शब्द गद्याच्या क्रमाने लावून कर्ता आणि क्रियापद जुळवणे. ‘झाकळुनि जळ गोड काळिमा पसरी लाटांवर’ या ओळीत काळिमा कोण पसरतो? कर्ता या ओळीत नाहीच. तो पुढच्या ओळीत, तिच्या अगदी शेवटच्या शब्दात येतो. पाणी झाकळून टाकणारा आणि लाटांवर काळिमा पसरणारा औदुंबरच आहे. डोहाचा काळा रंग आपल्याला आधी दिसतो आणि त्या काळोखाशी झाडाचे नाते काय, हे कविता संपताना कळते. रंगांचा क्रमही असाच विचारपूर्वक लावलेला आहे : हिरवाळी, निळासावळा झरा, पांढरी पायवाट आणि शेवटी काळा डोह. वाहता झरा आणि चालती वाट यांची गती त्या बसलेल्या झाडापाशी येऊन थांबते.

काळा रंग म्हणजे मृत्यू, असे समीकरण मांडून काही जण इथे थेट मरणाची छाया पाहतात आणि पुराव्यादाखल बालकवींचा 1918 मध्ये भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात झालेला अकाली मृत्यू सांगतात. कवितेनंतर घडलेली घटना कवितेचा अर्थ सिद्ध करू शकत नाही, हे विद्यार्थ्यांना स्पष्टपणे सांगावे. शिवाय काळिमेला ‘गोड’ हे विशेषण आहे, आणि त्याला वळसा घालून जाणारा कोणताही अर्थ टिकत नाही. दत्तभक्तीचा अर्थ लावणाऱ्यांचीही अशीच अडचण होते, कारण झाडाच्या नावापलीकडे कवितेत पार नाही, पादुका नाहीत, भक्तही नाही.

मला स्वतःला इथे विरक्त शांततेचा अनुभव अधिक जाणवतो, कारण पाण्यात पाय सोडून बसणे ही निवांत माणसाची बैठक आहे. तरीही ‘झाकळुनि’ या शब्दातली उदासी मला नाकारता येत नाही. एखाद्या विद्यार्थ्याने ‘गोड’ आणि ‘झाकळुनि’ हे दोन्ही शब्द समोर ठेवून त्यांच्यातला ताण आपल्या शब्दांत मांडला, तर त्याचा निष्कर्ष माझ्याहून वेगळा असला तरी मी त्याला पूर्ण गुण देईन.