डार्टमूरचं शेतघर: गोठ्यानं ठरवलेली रचना

मंडळी, इंग्लंडच्या नैऋत्येला डेव्हन परगण्यात डार्टमूर हे ग्रॅनाइटचं उघडं पठार आहे. पाऊस भरपूर, वारा सतत. इथल्या मध्ययुगीन शेतघराला ‘लाँगहाउस’ म्हणतात: एकाच लांबट छपराखाली वरच्या अंगाला माणसं, खालच्या अंगाला गुरं. पाउंड्सगेटजवळचं हायर अपाकॉट हे त्यातलं मला सगळ्यांत मोलाचं वाटणारं घर, आणि मी आज मुख्यतः गोठ्याबद्दलच बोलणार आहे.

हे घर उताराला आडवं नसतं, उताराच्या दिशेनं लांब घातलेलं असतं. बांधणाऱ्याला हे अवघडच. वरच्या टोकाला जमीन खणायची, खालच्या टोकाला भिंत उंच चढवायची. तरी शेतकऱ्यांनी शतकानुशतकं हीच रीत धरली, कारण शेणमूत! गोठ्याच्या मधोमध दगडी नाली, दोन्ही बाजूंच्या लांब भिंतींकडे तोंड करून बांधलेली गुरं, आणि नाली संपते तिथे खालच्या भिंतीत अगदी पायाशी ठेवलेलं भोक. घाण उतारानं आपोआप बाहेर, राहत्या भागाकडे तिचा थेंब नाही. उजेडवाऱ्याला भिंतीत अरुंद फटी, बस्स. लोक अशा घरात गेले की आधी चुलाण्याचे फोटो काढतात. मी म्हणेन, आधी ती नाली बघा. अख्ख्या घराची आखणी तिनं केली आहे.

माणसं आणि गुरं आत शिरायची एकाच दारानं. समोरासमोर दोन दारं, मध्ये आरपार बोळ. माणूस वरच्या हाताला वळायचा, गाय खालच्या. माणसांच्या दालनात सुरुवातीला धुराडं नव्हतं, माळाही नव्हता. जमिनीवर मधोमध आगटी, आणि धूर छपराच्या गवतातून वाट काढायचा. ते काजळलेले वासे अपाकॉटमध्ये आजही आहेत. अभ्यासकाला ही काजळी फार मोठा पुरावा: आढ्याखाली ती दिसली, की घर एके काळी वरपर्यंत मोकळं होतं हे नक्की. धुराडी आणि माळे बहुतेक ठिकाणी सोळाव्या-सतराव्या शतकांत आले.

दगड खाणीतला नव्हे, माळावर सुटा पडलेला. तो फोडायची खूण नीट बघावी. साधारण १८०० पर्यंत खाच कोरून पाचरी ठोकत. पुढे ओळीनं गोल भोकं पाडून फोडू लागले. त्यामुळे दगडाच्या कडेला अर्धगोल खोबणी दिसल्या, तर तो दगड जुन्या बांधणीतला नाही.

पुढे गुरं वेगळ्या गोठ्यात गेली आणि बहुतेक लाँगहाउसांत खालच्या अंगाला स्वयंपाकघरं, बैठका झाल्या. राहणाऱ्यांना मी दोष देत नाही. पण फरशीखाली नाली बुजली की घर असं का बांधलं हे सांगणारा पुरावाच बुजतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. अपाकॉटचा गोठा मात्र जवळजवळ जसाच्या तसा राहिला. इमारतीला वारसा-यादीत पहिला दर्जा आहे, आणि माझ्या मते तो या गोठ्यानंच कमावला.

तिकडे जाणं झालं, तर हाउंड टोरलाही जा. मध्ययुगाच्या उत्तरार्धात ओस पडलेली ही वस्ती १९६१ ते १९७५ मधल्या उत्खननात उघडी झाली. छपरं नाहीत, भिंती बुटक्या, त्यामुळे बोळ, दालन, गोठा हा सगळा आराखडा वरून एका नजरेत वाचता येतो.