मिस्साला जाणाऱ्याचं तारण

(ख्रिस्ती ऐक्यासाठीच्या प्रार्थना-सप्ताहात दादर येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. मुलगा वसईचा, कॅथलिक. आम्ही मूळचे नगरकडचे, अमेरिकन मराठी मिशनच्या प्रोटेस्टंट मंडळीतले. वडील परळला गिरणीत, घर लालबागच्या चाळीत. मुलगा पहिल्यांदा घरी आला, पोहे झाले, चहा झाला, आणि खाटेवर बसलेल्या आजीनं त्याला जवळ बोलावलं. म्हणाली, "बाळा, तुझं तारण झालंय का?"

तो गांगरला. "आजी, मी दर रविवारी चर्चमध्ये मिस्साला जातो."

"ते नाही विचारलं."

"बाप्तिस्मा लहानपणीच झालाय. कन्फर्मेशनही झालंय."

"तेही नाही विचारलं."

आईनं घाईघाईनं आणखी पोहे आणले. तो बिचारा नको नको म्हणत दुसरी बशी खात बसला आणि प्रश्न तसाच राहिला. आज तोच प्रश्न घेऊन मी तुमच्यापुढे आलोय: आम्हा प्रोटेस्टंटांच्या हिशेबानं कॅथलिक माणसाचं तारण होतं का?

आज इथे सगळेच ख्रिस्ती नाहीत, म्हणून एक खुलासा. बाहेर तारण म्हणजे बँकेतून कर्ज उचलताना गहाण ठेवलेले दागिने. आमच्यात तारण म्हणजे पापातून आणि त्याच्या शिक्षेतून सुटका, देवाशी कायमचा समेट. शब्द एकच आहे आणि मला ते फार सोयीचं वाटतं, कारण सोळाव्या शतकातलं कॅथलिक-प्रोटेस्टंट सगळं भांडण 'या तारणासाठी माणसानं तारण काय ठेवायचं' एवढ्यावरच होतं. प्रोटेस्टंट सुधारणेची सुरुवात करणारा मार्टिन ल्यूथर म्हणाला, काही नाही. तुझ्याकडे ठेवण्यासारखं काही नाहीच. कृपेनं, विश्वासाच्या द्वारे, फुकट. रोमनं, म्हणजे कॅथलिक चर्चनं, सांगितलं, कृपेनंच; पण ती कृपा माणसाला आतून बदलते, त्यातून सत्कृत्यं होतात आणि त्यांनाही किंमत आहे. १५४७ मध्ये ट्रेंटच्या परिषदेनं 'केवळ विश्वासानं' म्हणणाऱ्याला शापित ठरवलं. तो शाप आजही रोमच्या कागदपत्रांत आहे. ऐक्याचा आठवडा आहे म्हणून तो लपवण्यात अर्थ नाही.

आता आमच्याकडचे कागद काढू. १५३७ मध्ये ल्यूथरनं पोपला ख्रिस्तविरोधी म्हटलं. वेस्टमिन्स्टरचं विश्वासपत्र १६४६ चं. त्यातही पोप म्हणजे ख्रिस्तविरोधी, पापपुरुष. मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईला आले तेव्हा स्कॉटिश मंडळीचं विश्वासपत्र हेच होतं. म्हणजे गिरगावातल्या आणि भायखळ्यातल्या आपल्या जुन्या मंडळ्यांच्या वारशात हे वाक्य कुठे ना कुठे आहे. चर्च ऑफ स्कॉटलंडनं १९८६ मध्ये, या वाक्याला आम्ही आता बांधील नाही, असं जाहीर केलं. तोवर साडेतीनशे वर्षांच्या आसपास ते चालत आलं होतं.

पण इथे लोक एक गफलत करतात. पोप ख्रिस्तविरोधी म्हणजे पोपच्या छायेतला प्रत्येक माणूस नरकात, असा अर्थ ते काढतात. सुधारकांनी असं म्हटलं नाही. ल्यूथरला त्याच्या आईबापांनी १४८३ मध्ये, जन्माच्या दुसऱ्या दिवशी, रोमच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा दिला. पुढे त्यानं जग हलवलं, पण पुन्हा बाप्तिस्मा घेतला नाही. जिनिव्हाचा सुधारक कॅल्विन, त्यानंही नाही. कॅल्विन म्हणतो, वाडा पाडला तरी पाया आणि भिंतींचे अवशेष उरतात, तशी त्या चर्चमध्ये मंडळीची खूण उरली आहे आणि बाप्तिस्मा ही त्यातली एक. अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियनांनी, म्हणजे कॅल्विनच्याच परंपरेतल्या लोकांनी, १८४५ मध्ये कॅथलिक बाप्तिस्मा अवैध ठरवला, तेव्हा विरोधात अवघी आठ मतं पडली. त्यावर प्रिन्स्टनच्या चार्ल्स हॉज यांनी मासिकातून आपल्याच लोकांना झोडपलं. रोमशी हॉजचा मतभेद कुणापेक्षा कमी नव्हता, तरीही.

आता मला ज्या माणसाकडे यायचंय तो रिचर्ड हूकर.

लंडनला टेंपल चर्च आहे. वकिलांचं चर्च. गांधीजी ज्या इनर टेंपलमधून बॅरिस्टर झाले, त्याचंच. १५८५ मध्ये हूकर तिथे मुख्य पाळक झाला आणि दुपारची व्याख्यानं द्यायला वॉल्टर ट्रॅव्हर्स होता, कडक जिनिव्हापंथी, हूकरचा सोयऱ्यातला. सकाळी हूकरनं उपदेश करायचा, दुपारी त्याच व्यासपीठावरून ट्रॅव्हर्सनं तो खोडायचा. ऐकणारे वकील. त्यांना यापेक्षा काय हवं? आपल्या हायकोर्टातले वकील असते तर दुपारच्या डब्याच्या वेळेला निकालावर पैजा लागल्या असत्या.

हूकर उपदेशात म्हणाला, आपले पूर्वज पोपच्या अंधश्रद्धेत जगले आणि मेले, पण त्यांतल्या हजारोंना देवानं दयेनं तारलं याबद्दल मला शंका नाही. त्यांनी पाप केलं ते अजाणतेपणी. ट्रॅव्हर्स पेटला. त्याचं म्हणणं साधं होतं: जे कृत्यांनी तारण होतं असं मानतात त्यांनी पायाच उखडला. मग ते तरतील कसे?

यावर हूकरचं उत्तर मी तरुणपणी वाचलं आणि वही मिटून बसलो. तो म्हणतो, पाया सरळ नाकारणं वेगळं आणि ज्यातून पुढे पाया ढासळेल अशी चूक करणं वेगळं. रोमची शिकवण चुकीची आहे, फार चुकीची आहे. त्या मुद्द्यावर तो तसूभर मागे हटत नाही. पण ती चूक करणारा माणूस ख्रिस्ताला धरून असेल, त्याच्या वस्त्राचा काठ थरथरत्या हातानं पकडून असेल, तर तो कार्डिनल असो नाही तर खुद्द पोप, त्याची आशा संपली असं मी म्हणणार नाही. आणि मग ते वाक्य: माणसं चुकत असतानाही देव त्यांना दयेनं तारू शकतो, असं मानणं ही चूक असेल, तर माझा सगळ्यात मोठा दिलासा ही माझी चूकच आहे, हिच्यावर प्रेम नसतं तर मला ना बोलायची इच्छा राहिली असती, ना जगायची.

आता माझं म्हणणं, हूकरच्या खांद्यावर उभं राहून. आपण प्रोटेस्टंट म्हणतो, कृत्यांनी तारण नाही. मग तारणाविषयीचं मत अचूक असणं, हेही एक कृत्यच नाही का? 'केवळ विश्वासानं' हा सिद्धांत ज्याला नीट मांडता येतो तोच तरेल असं म्हटलं, की आपण सत्कृत्यांच्या जागी सिद्धांत तारण ठेवला. दागिने बदलले, गहाणखत तेच. आमच्या मंडळीत उद्या परीक्षा घेतली आणि 'नीतिमान ठरवणं' आणि 'पवित्रीकरण' यांतला फरक विचारला, तर पहिल्या दोन बाकांच्या मागचे सगळे नापास होतील. माझी आजी तर पहिली. तिला फक्त रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग पाठ होते.

एक सज्जन मला नेहमी बायबलातलं पौलाचं गलतीकरांना लिहिलेलं पत्र दाखवतात: 'निराळी सुवार्ता' सांगेल तो शापित असो. वचन जबरदस्त आहे आणि मी ते टाळत नाही. पण तेच पत्र पुढे वाचा. सुंतेचं ओझं लादणाऱ्या उपदेशकांवर पौल तुटून पडतो आणि त्यांच्या नादी लागलेल्या गलतीकरांना मात्र शेवटच्या ओळीपर्यंत 'बंधूंनो' म्हणत राहतो. रागावतो, बुद्धिहीन म्हणतो, आणि बंधूंनोच म्हणतो.

हूकर लंडनमध्ये हे बोलत होता तेव्हा दुसरा एक इंग्रज गोव्यातल्या साष्टीत आपली भाषा शिकत होता. थॉमस स्टीफन्स. कॅथलिक म्हणून त्यानं मायदेश सोडला, जेझुइट झाला, १५७९ मध्ये गोव्याला उतरला आणि १६१६ मध्ये त्याचं क्रिस्तपुराण छापून निघालं. मराठीची महती सांगणाऱ्या त्याच्या ओव्या आमच्या प्रोटेस्टंट वक्त्यांच्याही तोंडी असतात. ट्रॅव्हर्सचा नियम लावला तर त्या ओव्या लिहिणारा तरला नाही. एवढं म्हणायची तयारी असेल तर मराठी ख्रिस्ती साहित्यावर बोलताना सुरुवात दुसऱ्या कुणापासून तरी करा.

मतभेद पुसले गेलेत असं मी म्हणत नाही. काही वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये मी वांद्र्याला मोतमाउलीच्या, म्हणजे माउंट मेरीच्या, जत्रेत होतो. चढावर एका तरुणानं माझ्या हातात पत्रक दिलं: मरिया तुम्हाला तारू शकत नाही. बाजूला एक बाई मेणाचे हात, पाय, घरं, बाहुल्या विकत बसली होती. तिनं विचारलं, "काय लिवलंय?" मी वाचून दाखवलं. "बरोबर हाय," ती म्हणाली, "तारणारा येशूच. ही त्याची आई." आणि पत्रक मागून घेऊन त्यात माझी मेणबत्ती गुंडाळून दिली. त्या तरुणाचं वाक्य प्रोटेस्टंट म्हणून मला मान्य आहे. मृतांसाठी मिस्सा, संतांकडे मागणं, पुण्याचा साठा हे मला आजही मान्य नाही. पण उत्तर त्या बाईला जास्त नीट येत होतं.

रोमचीही एक गंमत सांगतो. 'चर्चबाहेर तारण नाही' हे वाक्य मूळचं त्यांचं. तिसऱ्या शतकातल्या सिप्रियनपासूनचं. १३०२ मध्ये आठव्या बोनिफेस पोपनं तर तारणासाठी पोपच्या अधीन असणं गरजेचं, असं फर्मान काढलं. बॉस्टनचे एक फादर, लेनर्ड फीनी, हे वाक्य शब्दशः धरून बसले आणि अखेर १९५३ मध्ये आज्ञाभंगाबद्दल रोमनं त्यांनाच चर्चबाहेर काढलं. १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं आम्हाला 'विभक्त बंधू' म्हटलं. मग ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबर्गमध्ये ल्यूथरन जागतिक महासंघ आणि रोम यांनी नीतिमान ठरण्याबद्दल, म्हणजे देवापुढे निर्दोष ठरण्याबद्दल, संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. २००६ मध्ये मेथडिस्ट आले, २०१७ मध्ये रिफॉर्म्ड. अमेरिकेतल्या मिसुरी सिनडच्या ल्यूथरनांना ते पटलं नाही आणि त्यांचे आक्षेप पोरकट नाहीत. एकाच शब्दाचे दोन अर्थ ठेवून सही करता येते, हे वकिलांच्या शहरात मी वेगळं सांगायला नको.

इथून चालत गेलं तर पोर्तुगीज चर्च लागतं. बसचा थांबाही त्याच नावाचा. त्याचं खरं नाव अवर लेडी ऑफ साल्व्हेशन. आजीला मी एकदा म्हटलं, "बघ, त्यांच्या चर्चच्या नावातच तारण आहे." ती म्हणाली, "पाटीवर असून काय होतंय?"

बहिणीचं लग्न झालं. आजी शेवटचं दीड वर्ष अंथरुणावर होती आणि आमचा वसईकर जावई दर शनिवारी विरार लोकलनं यायचा, तिच्या उशाशी बसायचा. दोघं प्रभूची प्रार्थना म्हणायची. आता कॅथलिक लोक ती 'आम्हाला वाइटापासून सोडव' इथे थांबवतात. आम्ही पुढे म्हणतो, 'कारण राज्य, सामर्थ्य आणि गौरव ही सर्वकाळ तुझीच आहेत.' त्यामुळे दर शनिवारी तो आमेन म्हणून मोकळा व्हायचा आणि आजी एकटीच, जरा मोठ्यानं, उरलेलं पूर्ण करायची. त्याला ऐकू जावं म्हणून.

एका शनिवारी 'सोडव' म्हणता म्हणता तिला दम लागला. ती थांबली. खोलीत कुणी काही बोललं नाही. मग तो म्हणाला, "कारण राज्य, सामर्थ्य आणि गौरव ही सर्वकाळ तुझीच आहेत."

आजीनं डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. "आलं की तुला," ती म्हणाली.