येऊरच्या पायथ्याशी राहताना

नमस्कार, श्रोतेहो.

ठाणे शहराच्या पश्चिमेला येऊरचा डोंगर आहे आणि त्या डोंगराच्या पायथ्याशी, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीला खेटून, घोडबंदर रस्त्याच्या दुतर्फा गेल्या काही दशकांत वसाहतींमागून वसाहती उभ्या राहिल्या. सदनिका घेताना खिडकीतून दिसणाऱ्या हिरव्या डोंगराचे पैसे आपण आनंदाने मोजतो, पण त्या डोंगरात पूर्वीपासून कोण राहते याची चौकशी कोणी करत नाही. मग एखाद्या पहाटे सोसायटीच्या मागच्या भिंतीवरून बिबट्या चालत गेल्याचे कॅमेऱ्यात दिसते, ती चित्रफीत दुपारपर्यंत प्रत्येकाच्या मोबाइलवर पोहोचते आणि संध्याकाळच्या तातडीच्या सभेत एकच ठराव मांडला जातो: वनखात्याला पत्र लिहा, पिंजरा लावायला सांगा.

या ठरावाने प्रश्न का सुटत नाही आणि आपल्या हातात नेमके काय आहे, याविषयी आज बोलायचे आहे.

हे उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरचे आहे. एका बाजूला बोरिवली, कांदिवली, गोरेगाव आणि दुसऱ्या बाजूला मुलुंड, ठाणे, अशा दाट वस्तीने ते वेढलेले आहे. 2015 मध्ये स्वयंचलित कॅमेरे लावून जी मोजणी झाली, तीत उद्यान आणि लगतच्या भागात 35 बिबटे आढळले. म्हणजे आपल्याला एखाद्या रात्री दिसलेला बिबट्या वाट चुकून आलेला नसतो. तो इथलाच रहिवासी असतो आणि न दिसता तो याआधीही अनेकदा त्या भिंतीवरून गेलेला असण्याचीच शक्यता अधिक.

आता पिंजऱ्याकडे वळू. बिबट्याचा स्वतःचा असा एक मुलूख असतो. तिथला नर पकडून नेला, तर ती जागा रिकामी राहत नाही. आजूबाजूचा एखादा तरुण, अननुभवी बिबट्या ती लवकरच व्यापतो. शिवाय पकडलेला प्राणी सोडायचा कुठे, हा प्रश्न उरतोच. जुन्नर भागात 2001 नंतर मोठ्या संख्येने बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्यात आले होते. त्याचा अभ्यास वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला, तेव्हा असे दिसले की या स्थलांतरानंतर माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढले. अनोळखी मुलखात सोडलेला, पिंजऱ्यात दुखावलेला प्राणी परतीची वाट धरतो आणि त्या वाटेवर त्याची गाठ माणसांशी पडते.

ही परतीची ओढ किंवा नव्या मुलखाचा शोध केवढा दांडगा असतो, याचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. 2009 मध्ये पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक वयस्क नर बिबट्या बाहेर काढून, गळ्यात माग काढणारा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आला. अभ्यासकांनी त्याला ‘आजोबा’ असे नाव दिले होते. हे आजोबा शंभराहून अधिक किलोमीटर चालत, शेते, रेल्वेमार्ग आणि गावे ओलांडत थेट मुंबईच्या उंबरठ्यावर आले आणि वाटेत त्यांनी एकाही माणसाला इजा केली नाही. 2011 च्या डिसेंबरमध्ये महामार्गावर एका वाहनाच्या धडकेने त्यांचा अंत झाला. बिबट्याला आपण घाबरतो ते ठीकच आहे, पण आपल्या गाड्यांना तो पुरेसा घाबरत नाही, हे त्याचे दुर्दैव.

कायद्याचेही पाहा. बिबट्या हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या, अनुसूचीतील प्राणी आहे. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय त्याला पकडता येत नाही आणि केवळ तो दिसला एवढे कारण त्यासाठी पुरत नाही. त्यामुळे स्थानिक वनरक्षकावर संतापून काही निष्पन्न होत नाही. त्याच्या हातात ते नसतेच.

मग बिबट्या वस्तीत येतो कशासाठी? या उत्तराची सुरुवात आपल्या स्वयंपाकघरात होते. रात्री दहानंतर वसाहतीच्या मागील गल्लीत एकदा जाऊन पाहावे. कचराकुंडी भरून वाहत असते, बिर्याणीचे उरलेले डबे गाठ मारलेल्या पिशवीसह फाडलेले असतात, कोपऱ्यावरच्या कोंबडीच्या दुकानातील आतडी आणि पिसे नाल्याच्या काठावर टाकलेली असतात आणि या सगळ्याभोवती पाच-सहा भटकी कुत्री आणि चार डुकरे निवांत जेवत असतात. बिबट्याला तुमच्या बिर्याणीत रस नाही. त्याला रस आहे तो ती खाणाऱ्या कुत्र्यात. या उद्यानाच्या परिसरातील बिबट्यांच्या विष्ठेच्या अभ्यासातही चितळ, सांबर यांच्या जोडीने कुत्र्यांचा वाटा ठळकपणे दिसून आला आहे. जंगलात हरणामागे धावण्यापेक्षा कुंडीपाशी सुस्तावलेले कुत्रे उचलणे त्याला सोपे जाते, एवढा साधा हिशेब त्यामागे आहे.

इथे कुत्र्यांविषयी ममता असणाऱ्या श्रोत्यांचा गैरसमज होऊ नये. कुत्र्यांना हाकलून देणे किंवा मारणे हा मार्ग नाही आणि कायदाही त्याला परवानगी देत नाही. निर्बीजीकरण आणि लसीकरण हे पालिकेचे काम आहे आणि त्यासाठी पाठपुरावा करणे आपले. मात्र रात्री उशिरा, जंगलाच्या कडेच्या भिंतीलगत त्यांना खायला घालण्याची जी पद्धत अनेक ठिकाणी पडली आहे, तिने त्या कुत्र्यांचेच भले होत नाही. दिवसाउजेडी, वस्तीच्या आतल्या बाजूला ठरलेल्या जागी अन्न द्यावे. ज्या मोठ्या वसाहतींतून दररोज शंभर किलोहून अधिक कचरा निघतो, त्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असे 2016 च्या घनकचरा नियमांनी सांगितले होते. खतनिर्मितीचे यंत्र आणायचे, उद्घाटनाला नारळ फोडायचा आणि सहा महिन्यांनी ते ताडपत्रीखाली झाकून ठेवायचे, हा आपल्याकडचा परिपाठ मोडला, तर पिंजऱ्याच्या दहा पत्रांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

दुसरी गोष्ट गर्दीची. 2019 च्या फेब्रुवारीत एक बिबट्या ठाण्यातील एका मोठ्या मॉलच्या आवारात शिरला आणि पुढे जवळच्या एका हॉटेलच्या तळघरात सापडला. वनखात्याच्या आणि उद्यानाच्या पथकाने त्याला भूल देऊन सुखरूप बाहेर काढले. अशा प्रसंगी पथकाला बिबट्यापेक्षा बघ्यांना आवरण्यातच अधिक शक्ती खर्च करावी लागते. भुलीचे इंजेक्शन लागल्यावर प्राणी लगेच आडवा होत नाही. औषध भिनायला काही मिनिटे जातात आणि तेवढ्या वेळात चारही बाजूंनी आरडाओरडा, दगड आणि मोबाइलचे प्रकाश अंगावर आले, तर तो जिथे फट दिसेल तिथून माणसांवर झेप घेतो. वृत्तपत्रांत ज्याला ‘बिबट्याचा हल्ला’ म्हटले जाते, त्यातल्या अनेक जखमा अशा कोंडीत झालेल्या असतात.

येऊरच्या पाड्यांवर राहणारी आदिवासी कुटुंबे हे सारे पिढ्यान्‌पिढ्या जाणून आहेत. अंधार पडल्यावर मुलांना एकटे सोडायचे नाही, वाटेने बोलत किंवा गात जायचे, हातात काठी आणि विजेरी ठेवायची, ही त्यांची रोजची शिस्त आहे. वारली समाज वाघोबाला देव मानतो आणि दिवाळीच्या तोंडावर आदिवासी पट्ट्यात वाघबारस पाळली जाते. तरीही ती माणसे त्या देवापासून चार हात अंतर राखून राहतात. आपल्याला भक्तीही नको आणि अंतरही नको, असे काहीसे झाले आहे.

तेव्हा येत्या सोसायटीच्या सभेत मागच्या भिंतीलगतचे दिवे, माजलेले गवत आणि कुंडी उचलण्याची वेळ हे तीन विषय घ्यावेत. रात्री फिरणाऱ्या रखवालदाराला चांगली विजेरी द्यावी आणि शक्य असेल तर जोडीदार द्यावा. संध्याकाळनंतर लहान मुले भिंतीच्या बाजूच्या बागेत एकटी नसावीत. बिबट्या दिसलाच, तर वाकू नये, पाठ फिरवून पळू नये. उभे राहून, मोठ्याने बोलत, सावकाश मागे सरावे आणि त्याला निघून जायची वाट मोकळी ठेवावी. त्यानंतर वनखात्याच्या 1926 या निःशुल्क क्रमांकावर कळवावे आणि कळवताना ठिकाण, वेळ, प्राणी कोणत्या दिशेला गेला आणि तो जखमी वाटत होता का, एवढे सांगावे. चित्रफीत पुढे पाठवायचीच असेल, तर ती आपल्याच आवारातली आणि आजचीच आहे ना, हे आधी पाहून घ्यावे.

नमस्कार.