थोरलीचं कुंकू

(पहाट. कोल्हापूर, पंचगंगेचा घाट. नदीचा आवाज.)

भाद्रपदातली पंचगंगा. पाणी अजून गढूळच आहे, घाटाच्या खालच्या पायऱ्या बुडालेल्या आहेत. गणपती घरोघरी येऊन बसलेत. आज अनुराधा नक्षत्र. आज गौरी यायची.

ही पोरगी तेरड्याची जुडी पाण्यात धरून मुळं धुतेय, ती नीट बघा. माती सुटली की खालून लालसर मुळं दिसायला लागतात. ती गौरीची पावलं. पावसात बांधावर आपसूक उगवणारं हे झाड. ते उपटायचं, धुवायचं, तांब्याच्या कलशात उभं करायचं आणि म्हणायचं, आली गौर. देवी झाडात बघायची ही रीत पोथ्या लिहिणाऱ्यांच्या कितीतरी आधीची असणार, हे दृश्य बघताना मला तरी तसंच वाटत राहतं.

कुणाच्या कलशात तेरडा, कुणाच्या नुसते पाच खडे. कोकणातल्या कितीतरी घरांत हे खडेच गौर असतात. ते पाणवठ्यावरून आणताना बोलायचं नसतं. इथं मात्र घाटावर झिम्मा चाललाय, फुगड्या रंगल्यात. आवाज ऐका.

(फुगडीचा आवाज. निवेदन थांबतं.)

या सगळ्या चित्रीकरणात एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. पुरुष जवळजवळ दिसतच नाहीत. आम्ही मुद्दाम टाळले नाहीत. गौर आणायची बायकांनी, बसवायची बायकांनी, जेवायला घालायची बायकांनी, पोचवायची बायकांनी. गणपतीला भटजी लागतात. गौरीला पुष्कळ घरांत लागत नाहीत. घरातली मोठी बाई सांगेल तो विधी.

(घर. उंबरा. रांगोळीचं ओलं पीठ.)

आता उंबऱ्यावर या. पावलं कशी उमटवतात बघा. मूठ वळायची, करंगळीकडची बाजू पिठाच्या पाण्यात बुडवायची आणि जमिनीवर टेकवायची. झालं पाऊल. वर बोटाच्या टोकानं पाच ठिपके, ती बोटं. एक डावं, एक उजवं. उंबऱ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत, तिथून धान्याच्या कोठीपर्यंत, मागच्या दारी गोठ्यापर्यंत. गोठ्यात आता मोटरसायकल असते, पण पावलं तिथवर जातातच.

कलश घेतलेल्या मुलीच्या पायावर दूधपाणी घातलं, कुंकू लावलं. आता आतून कुणीतरी विचारणार.

“कोण आलं?”

“गौरी आली.”

“कशाच्या पावलांनी आली?”

“सोन्याच्या पावलांनी आली.”

प्रत्येक खोलीच्या दारात हेच. माहेरी आलेल्या लेकीला जसं सगळं घर फिरवून दाखवतात, तसं देवीला दाखवायचं: ही चूल, हे धान्य, ही तिजोरी.

दुपारी मुखवटे चढतात. या घरात दोघी असतात, थोरली आणि धाकटी. लोखंडी तिवईवर नऊवारी नेसवणं म्हणजे सोपं काम नाही. निऱ्या सरळ पडल्या पाहिजेत, पदर खांद्यावरून घसरता कामा नये. या बाई टाचण्या दातांत धरून निऱ्या चापूनचोपून बसवतायत, म्हणून तुमच्याशी बोलत नाहीयेत. त्या या घरातल्या थोरल्या सूनबाई. गेली कितीतरी वर्षं दोघींना साडी त्याच नेसवतात. दुसऱ्या कुणाच्या हातची नेस सासूबाईंना पटत नाही.

बाजूला सुताचे दोरे चाललेत. सोळा पदर, सोळा गाठी, हळदीत बुडवलेले. पूजेनंतर हे दोरे बायका गळ्यात बांधतात. गाठ मारताना सूत अंगठ्याभोवती एकदा फिरतं, आत शिरतं आणि नखानं ओढून घट्ट होतं. तेही याच हातांनी. रात्री नैवेद्य साधा. भाकरी आणि शेपूची भाजी. प्रवासानं दमून आलेल्या लेकीला पहिल्या रात्री पक्वान्न कोण वाढतं?

(पिंपळाचा पार. संध्याकाळ.)

आता थोरली कोण, ते सांगते.

गौरीपूजन ज्येष्ठा नक्षत्रावर होतं, म्हणून ही ज्येष्ठागौरी. पंचांग एवढंच सांगतं. पण ज्येष्ठा हे एका देवीचंही नाव आहे. समुद्रमंथनातून लक्ष्मीच्या आधी ती वर आली, म्हणून थोरली. तिला अलक्ष्मी म्हणतात, अक्काबाई म्हणतात. “अक्काबाईचा फेरा आला” असं आपण आजही बोलतो, ती हीच. वाहन गाढव, ध्वजावर कावळा, हातात केरसुणी. तमिळ मुलखात तिला मूदेवी म्हणतात. मू म्हणजे थोरली. आज तिकडं ती शिवी झालीय. पण सातव्या-आठव्या शतकात तिला देवळात मान होता. कांचीपुरमच्या कैलासनाथ मंदिरात, मदुरेजवळच्या तिरुप्परंकुंड्रमच्या लेण्यात ती दगडात कोरलेली आहे. पोट सुटलेली, ऐसपैस बसलेली, मुलं बाजूला घेतलेली बाई.

मग पुराणांनी तिचं काय केलं? पद्मपुराणातली गोष्ट अशी. थोरलीचं लग्न झाल्याशिवाय मी करणार नाही, असं लक्ष्मी म्हणाली. म्हणून विष्णूनं ज्येष्ठेला उद्दालक ऋषीच्या गळ्यात बांधलं. आश्रमातला वेदघोष तिला सोसवेना. ऋषी तिला या अशाच एका पिंपळाखाली बसवून निघून गेला, तो परत आलाच नाही. ती रडत राहिली. ते ऐकून लक्ष्मी तिच्याकडे आली. शनिवारी धाकटी थोरलीला भेटायला पिंपळाखाली येते, म्हणून शनिवारी पिंपळाला पाणी घालतात.

नवऱ्यानं टाकलेली बाई. अशुभ म्हणून गावाबाहेर बसवलेली बाई. आणि आपल्या भाद्रपदात हिचंच नाव घेऊन घर सजतं, उंबऱ्यापासून कोठीपर्यंत पावलं काढली जातात, “थोरली” म्हणून पहिलं कुंकू लागतं ते या नावाच्या देवीला. नक्षत्राचं नाव आणि देवीचं नाव एक होणं हा नुसता योगायोग आहे असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. बायकांनी तिला परत घरात घेतलं, असं मी मानते.

(ज्येष्ठा नक्षत्र. पूजेचा दिवस. स्वयंपाकघर.)

दुसरा दिवस. पुरण वाटलं जातंय. सोळा भाज्या, सोळा दिवे. काही घरांत आज घावन-घाटलं लागतंच, आणि कोकणातल्या कित्येक घरांत गौरीला आज तिखटाचा नैवेद्य असतो, मटण, मासे, चिंबोऱ्या. देवी जिथं जेवते तिथल्या घरचं जेवते.

पूजा झाली की कहाणी वाचतात. गरीब ब्राह्मण, पोरं गौर आणायचा हट्ट धरतात, घरात दाणा नाही, तो जीव द्यायला तळ्यावर जातो. तिथं त्याला एक म्हातारी भेटते. तो तिला घरी आणतो, आजी म्हणून. ती सकाळी त्याला सांगते, घावनघाटलं कर, “नाही काही म्हणू नको, रड काही गाऊ नको.” मडकं कण्यांनी भरतं, गोठा गाईम्हशींनी. दारात आलेल्या अनोळखी म्हातारीला पाट दिला, एवढंच त्या घरानं केलं होतं.

कहाणीत ती म्हातारी सवाशीण आहे. हा शब्द आम्ही गाळलेला नाही. पिढ्यानपिढ्या तो वाचला गेला, आणि त्याच शब्दाच्या कुंपणाआड कितीतरी बायका स्वयंपाकघरात राहिल्या.

दातांत टाचण्या धरून थोरलीला साडी नेसवणाऱ्या त्या सूनबाई तुम्हाला आठवतात? आत्ता त्या पुरणपोळ्या लाटतायत. बाहेर हळदीकुंकू सुरू झालंय. मालक गेल्यापासून हळदीकुंकवाच्या वेळी त्या बाहेर येत नाहीत. त्यांना कुणी “येऊ नका” असं कधी म्हटलेलं नाही. तसं म्हणावं लागतच नाही.

याच कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1917 साली विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला. याच शहरात, अंबाबाईच्या गाभाऱ्यात बायकांना जाता यावं म्हणून 2016 सालच्या एप्रिलपर्यंत भांडावं लागलं, आणि ते उच्च न्यायालयानं स्पष्ट बजावल्यानंतर. देवी बाई, आणि तिच्याजवळ जायला बाईलाच मज्जाव. मे 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी उतरवायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ठराव कागदावर झाला. माजघरात तो पोचायला वेळ लागतोय, काही घरांत अजून पोचायचाच आहे.

(माजघर. गौरींसमोर बायका.)

पुढचं आम्ही ठरवून घेतलेलं नाही. कॅमेरा गौरींवर होता, आवाज मागून आला म्हणून तो वळला.

“अक्का, पुढं या की.” ही धाकटी जाऊ.

“पोळी करपंल.”

“करपू दे. आत्या बोलवत्यात.”

(सासूबाईंचा हात. कुंकवाचा करंडा. चित्र पूर्ण चालू द्यावं, निवेदन नाही, संगीत नाही.)

(मूळ नक्षत्र. विसर्जन. पुन्हा घाट.)

तेरड्याचा रंग तीन दिवस, असं आपण म्हणतो. आज तिसरा दिवस. दहीभाताची शिदोरी झाली, मुखवटे उतरले, साड्या घडी घालून पेटीत गेल्या. “आता मला पोचती कर,” असं कहाणीतली म्हातारी म्हणते. ब्राह्मण विचारतो, तुमच्या कृपेनं सगळं मिळालं, आता पोचती कशी करू? ती त्याला वाळू देते, म्हणते, ही घरभर टाक, कोठीत टाक, मडक्यात टाक, गोठ्यात टाक.

म्हणून बायका परतताना नदीतून वाळू आणतात. पाणी अजून चढलेलं आहे, वाळू हाताला लागायला वाकावं लागतं. अक्कांनी पदर खोचलाय, एक हात धाकट्या जावेच्या हातात आहे, दुसरा कोपरापर्यंत पाण्यात. कलश अर्धा भरला.

घरी आल्या. आधी कोठीत चिमूटभर. मग मडक्यात. मग गोठ्यात, मोटरसायकलच्या चाकाशी. शेवटची मूठ उंबऱ्यावर, पुसट झालेल्या पिठाच्या पावलांवर.