गडद गोधडी आणि दिवेलागणीची परीक्षा

श्रोतेहो, नमस्कार. पाऊस ओसरला, ट्रंकेतली लुगडी उन्हं खायला बाहेर आली, म्हणजे गोधडी घालायचे दिवस आले. आज बोलायचंय गडद गोधडीबद्दल. वांगी, डाळिंबी, कुंकवी, मोरपंखी, काळपट निळा. पांढरं-पिवळं काही नाही. अशा गोधडीत रंगाआधी रंगाची खोली बघायची, म्हणजे तुकडा किती काळपट, किती उजळ ते. पुन्हा सांगते, आधी खोली.

भर दुपारी तुकड्यांचे तीन ढीग करा : काळ्याजवळचे, मधले आणि मधल्याहून जरासे उजळ. उजळ ढीग लहानच असू दे, पण असू दे. तो नसला तर लांबून सगळा जोड एकच काळा पट्टा दिसतो.

आता यान पुर्किन्येची गोष्ट ऐकाच. बोहेमियातला, म्हणजे आजच्या चेक देशातला शास्त्रज्ञ. बोटांच्या ठशांचे नऊ प्रकार १८२३ साली यानंच लिहून ठेवले. पहाटे फिरताना त्याच्या ध्यानात आलं, की दुपारी लालभडक दिसणारी फुलं या वेळी काळपट दिसतात. फुलं तीच, झाड तेच. मग उजाडायच्या आधी त्यानं रंगच समोर घेतले आणि बघत राहिला. आधी सगळं काळं नि करडं. फटफटायला लागलं, तेव्हा पहिला ओळखू आला निळा. आणि लाल? दिवसा सगळ्यांच्या पुढे असणारा लाल सगळ्यांत काळा! १८२५ साली त्यानं हे छापलं. कारण पुढं कळलं : अंधुक उजेडात डोळ्यातल्या वेगळ्या पेशी काम करतात, त्यांना निळं-हिरवं चांगलं दिसतं, तांबडं जवळजवळ दिसतच नाही.

हेच तुमच्या पडवीत करून बघा. तिन्हीसांजेला, दिवा लावायच्या आधी, मांडलेल्या तुकड्यांसमोर दहा मिनिटं बसा. मोबाइलही बघू नका, डोळे अंधाराला सरावू देत. दुपारी सारखेच गडद वाटलेले कुंकवी आणि निळा आता वेगळे होतील : कुंकवी बुडेल, निळा वर येईल. म्हणून निळे तुकडे एका कोपऱ्यात गोळा करू नका, जोडभर पसरा. (हल्ली पडवीला सरकत्या काचा लावून तिची खोली करतात. मला ते मुळीच पटत नाही. संध्याकाळचा उजेड बघायला घरात दुसरी जागा कुठली?)

मापं झटपट सांगते. पाच फूट बाय सात फुटांना चार इंची चौकोन ३१५ लागतात. कापायचे साडेचार इंच, चारी बाजूंना पाव इंच शिलाईत जातो. खूण साबणाच्या सुकलेल्या चिपटीनं करा. आतला थरही गडद हवा. जुनं काळं लुगडं उत्तम. पांढरा कापूस घातलात, तर त्याचे तंतू टाक्यांच्या भोकांतून वर येतात आणि गडद कापडावर कोंडा पडल्यासारखे दिसतात. धाग्याचा रंग कापडाहून एक छटा उजळ घ्या, नाहीतर धावदोऱ्याची मेहनत दिसणार नाही.

आणि कापड कापण्याआधी धुवायचंच. लाल आणि काळं वेगवेगळं धुवा, मग ओला तुकडा पांढऱ्या फडक्यावर दाबून ठेवा. डाग उमटला, तर पुन्हा धुवा. मिठाच्या पाण्यावर विसंबू नका, त्यानं सुटणारा रंग बसत नाही. तयार गोधडी सावलीत, वाऱ्यावर वाळवा. कडक उन्हात आधी वांगी विटेल की कुंकवी, हे कापड कशानं रंगवलंय त्यावर असतं, पण काहीतरी विटेलच.